देवळीच्या घराचा परवलीचा शब्द

"परवलीचा शब्द सांगा," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

"नाई सांगत," स्पीकरमधून उत्तर आलं. "आधी तू सांग, तू कोन हायेस? माह्या घरात भिंतीतून कायले बोलून राह्यली?"

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. वेळ दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. मी वर्ध्याला आमच्या कंट्रोल रूममध्ये बसले होते आणि ती बाई देवळीत, एका कृषी केंद्राच्या मागच्या घरात होती. माझ्या शेजारी वंदना होती, आमची सगळ्यात भरवशाची ऑपरेटर. तिने पोलिसांचा नंबर फोनवर काढून ठेवला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

अन्वय, रेवा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आजी रिटायर झाल्यावर पुन्हा ऑफिसला जाते ती तिथे नेमकं करते काय. मी सांगायला लागले आणि तुमच्या आईने तुम्हाला जेवायला बोलावलं. म्हणून हा एक दिवस लिहून पाठवते.

नोकरीची सगळी वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यातली सुरुवातीची ट्रंक ऑपरेटर म्हणून, दूरगावचे कॉल जोडत. रिटायर झाल्यावर मी वर्षभर घरातल्या प्रत्येक डब्याला लेबल लावलं. डबे संपले. मग सुधीर आला. सुधीर एक्स्चेंजमध्ये आमच्यासोबत होता, माझ्याहून बराच लहान. त्याने अलार्म मॉनिटरिंगची छोटी कंपनी काढली होती. म्हणाला, "मॅडम, मला फोनवर न चिडणारं माणूस पाहिजे." तेव्हापासून मी आठवड्यातले चार दिवस सुपरवायझर आहे.

काम सोपं आहे. दुकानाला, गोदामाला किंवा घराला सेन्सर बसवतात. कुलूपबंद जागेत दार उघडलं किंवा कोणी हललं, की भोंगा वाजतो आणि तिथली एक पेटी सिमकार्डवरून आमच्या स्क्रीनवर निरोप पाठवते. त्या पेटीला पॅनेल म्हणतात. पॅनेलमध्ये स्पीकर आणि माइक असतो. आम्ही इथूनच भोंगा बंद करतो आणि विचारतो, कोण आहे? घरच्या माणसाने आधी ठरवलेला परवलीचा शब्द सांगितला की विषय संपला. नाही सांगितला तर मालकाला फोन, मग किल्ली असलेल्यांना, मग पोलिसांना.

अडचण त्या शेवटच्या फोनची होती. देवळीच्या ठाणेदारांनी एकदा सुधीरला आणि मला बोलावून घेतलं. (आपल्याकडे पोलीस ठाण्याच्या मुख्य साहेबांना ठाणेदार म्हणतात.) साहेब शांत होते. चहा मागवला आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनवर माही माणसं धावत गेली आन् मांजर पकडून आली. मंग कबुतर. मंग एक हललेलं शटर. गुन्हा कोनावर दाखल करू, सांगा."

सुधीर हसायला लागला. साहेब हसले नाहीत.

"परवा माहे दोघं जन तुमच्या गोदामावर गेलते. गोदामाच्या मालकाचा साळा आत झोपून होता. त्याच वेळी बस स्टँडवर एका बाईची पोत ओढली. तिथं पोचाले माह्या मानसाले वीस मिनिटं उशीर झाला."

साहेबांनी दोन अटी घातल्या. एक, कोणीतरी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं असेल तरच फोन करायचा. दोन, आत कोणाचा जीव धोक्यात असेल तर कोणाची वाट बघायची नाही, लगेच करायचा. "पन मंग ते खरं निंगालं पाह्यजे," ते म्हणाले. "आनखी एक खोटा फोन आला, तर तुमचा नंबर इथं सगळ्याच्या शेवटी उचलल्या जाईन."

देवळीत आमच्या ग्राहकांत एक सोनाराचं दुकान, एक पतसंस्था, तीन कृषी केंद्रं आणि काही घरं आहेत. त्या सगळ्यांनी आमच्यावर विसंबून पॅनेल लावलेलं. खरी चोरी झाली आणि आमचा फोन शेवटी उचलला गेला, तर आमचा उपयोग काय?

म्हणून आम्ही आपली माणसं नेमली. सुधीरला आधी नागपूरहून काळ्या कपड्यांतले बाउन्सर आणायचे होते. मी म्हटलं, "ते पोचेपर्यंत चोर जेवून, हात धुऊन जाईल." मग ठरलं की प्रत्येक गावात तिथलंच एक माणूस ठेवायचं, दुचाकी असलेलं आणि गाव ओळखणारं. कारंजाला हायवेवरच्या एका ढाबेवाल्याचा भाऊ मिळाला. आंजीला भाजीपाला पिकवणारं एक जोडपं आहे, दोघंही स्कूटी चालवतात, ज्याच्या हाताला माती कमी असेल तो निघतो. देवळीला नामदेवराव. ते एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. कोणत्या दारामागे कोण राहतं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्यांना पाठ.

त्यांचं काम फक्त बघण्याचं. जागेला बाहेरून फेरी मारायची, काय दिसतं ते आम्हाला फोनवर सांगायचं. आत जायचं नाही. कोणाला धरायचं नाही. नियम मी लिहिले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यातला सातवा नियम असा: घरातली व्यक्ती पॅनेलवर उत्तर देते पण परवलीचा शब्द टाळते, तर तिच्यावर कोणाचा तरी धाक आहे असे समजावे आणि पोलिसांना तात्काळ कळवावे.

हा नियम मला फार आवडायचा.

आता परत देवळीच्या घराकडे. मालक प्रशांत आणि त्याची बायको मुलीला घेऊन अमरावतीला कॉलेज बघायला गेले होते. दोघांचे फोन बंद. तिसरी किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे, तो शेतावर होता आणि तिथे रेंज नव्हती. आत कॅमेरा नव्हता. "घरात बायामाणसं राहतात," म्हणून प्रशांतने तो लावू दिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. स्क्रीनवरच्या प्रशांतच्या माहिती-कार्डावर घरात तीन माणसं लिहिली होती. म्हातारी बाई एकही नव्हती.

"आजी, मी अलार्म कंपनीतून बोलतेय," मी म्हणाले. "तुम्ही कोण?"

"मी गिरजाबाई. घर माह्या नातवाचं हाये. तू तथून निंग."

"मला तुमच्या नातवानेच ठेवलंय, आजी. परवलीचा शब्द माहीत आहे का तुम्हाला?"

"मालूम हाये ना. प्रशांतनं सांगतला होता."

"मग सांगा."

"तो माह्या तोंडून येनार नाई."

"का?"

"नाई येनार म्हंजे नाई येनार."

आणि तेवढ्यात मागून एक पुरुषाचा आवाज आला. दबका, घाईचा. "माय, लवकर कर. मले निंगाचं हाये."

वंदनाने माझा हात धरला. "मॅडम, नियम सात." तिने फोन उचलला. "लावू?"

आत एक म्हातारी आणि तिच्या मागे एक माणूस, ज्याला निघायची घाई आहे. तिला शब्द माहीत आहे, पण ती सांगत नाही. नियम सात याच प्रसंगासाठी लिहिला होता. फोन केला आणि हा त्या गोदामातल्या साळ्यासारखाच काही प्रकार निघाला, तर देवळीतलं आमचं पोलिसांजवळचं नाव संपलं. फोन नाही केला आणि तिच्या गळ्याला सुरी असली, तर? मग नाव घेऊन काय करायचं?

"आधी नामदेवराव," मी म्हटलं. "आणि घड्याळ लाव. दहा मिनिटं. ते दारात पोचले नाहीत तर पोलिसांना लाव, मला विचारू नको."

नामदेवराव बाजारात होते. बाजाराचा दिवस होता. "मोपेड काढून राह्यलो, म्याडम," ते ओरडून म्हणाले, "पन समोर बैलबंडी हाये आन् बंडीच्या समोर दुसरी बंडी."

मी गिरजाबाईंना बोलतं ठेवायचं ठरवलं. ट्रंक ऑपरेटरला हे जमतं. आवाजात भीती असेल तर बोलण्याच्या फटीतून ती दिसते. या बाईंच्या आवाजात भीती नव्हती. राग होता, आणि आणखी काहीतरी होतं. संकोच. मी स्क्रीनवरचं कार्ड पुन्हा वाचलं. परवलीचा शब्द: तुळशीराम. मालक: प्रशांत. मालकाचं वय चाळीसच्या आसपास. म्हणजे आजी ऐंशीच्या पुढची.

आणि मला एकदम एक्स्चेंजमधली खुर्ची आठवली.

तेव्हा दूरच्या गावी फोन करायचा तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. त्यात एक प्रकार होता पीपी कॉल, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधी सांगायचं, तोच माणूस फोनवर आला तर कॉल जोडायचा. बायका यायच्या, नंबर सांगायच्या. मी विचारायचे, "कोणाशी बोलायचंय?" त्या म्हणायच्या, "त्याईच्याशी." "त्यांचं नाव?" "तुमीच समजून घ्या ना, ताई." नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सुरुवातीला वैतागायचे. मग मीच एक युक्ती काढली होती. आणि पुढे कित्येक वर्षांनी नियम सात लिहिताना हे सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

मी माइकजवळ वाकले. "आजी, तो शब्द म्हणजे तुमच्या यजमानांचं नाव आहे का?"

"समजलं का आता? सिकेल वाटतं बाई, पन उशिरा समजते तुले."

वंदनाने फोन खाली ठेवला नाही, पण तिचा चेहरा बदलला.

"आजी, तुमच्याजवळ कोण माणूस आहे?"

"ऑटोवाला. आंजीवरून आनलं मले त्यानं. वांग्याचं पोतं आनलं. भोंगा वाजला तं त्यानं कानात बोटं घातले, अजून काढले नाई."

मागून आवाज, "काढले ना, माय. भाडं दे, मी निंगतो."

"थांब ना! मी या बाईसंग बोलून राह्यली ना!" मग मला, "तू घेतं का तुह्या मालकाचं नाव?"

"घेते," मी म्हणाले. त्यात काय, असा माझा सूर होता.

"मंग घे."

मी तोंड उघडलं आणि थांबले. फॉर्मवर मी ते शेकडो वेळा लिहिलंय. बँकेत, रेशन कार्डावर, तुमच्या बाबाच्या शाळेत. पण मोठ्याने? घरात मी "अहो" म्हणते. बाहेर "आमचे हे". तुमच्यापुढे "आजोबा". एवढ्या वर्षांच्या संसारात ते नाव माझ्या तोंडून किती वेळा निघालं होतं ते मला आठवेना. वंदना बघत होती. वर कॉल रेकॉर्ड होत होता, आमचे सगळेच होतात.

"मनोहर," मी म्हणाले.

"बाप्पा!" गिरजाबाई म्हणाल्या. "घेतलं का वं खरंच!" त्यांचा आवाज निम्म्याने मऊ झाला. "आता विचार, काय विचाराचं ते."

मी जुनी युक्ती काढली. "मी पाच नावं घेते. बरोबर नाव आलं की तुम्ही फक्त 'हं' म्हणा." चोर असता तर त्याला पाचातलं एक ओळखावं लागलं असतं, असा माझा हिशेब. मी एकेक नाव सावकाश घेतलं. गणपत. महादेव. किसन. तुळशीराम.

"हं," गिरजाबाई म्हणाल्या, आणि लगेच, "डोक्यावर पदर घ्या लागते वं, नाव घेताना." कोणी पदर घ्यायचा, त्यांनी की मी, ते कळलं नाही. मी घेतला. वंदना तोंडावर हात ठेवून वळली.

घड्याळात आठ मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "वंदना, अजून बंद करायचं नाही. नामदेवरावांनी बघितल्याशिवाय नाही."

नवव्या मिनिटाला नामदेवराव पोचले. फोन चालूच होता. त्यांनी आधी मागून फेरी मारली. दार मोडलेलं नाही, कुलूप किल्लीनेच उघडलेलं. बाहेर एक ऑटो. मग ते खिडकीशी आले.

"म्याडम, चोर नाई. गिरजामाय हाये, आंजीची. खुर्चीवर बसून हाये. ऑटोवाला जमिनीवर बसून चहा पिऊन राह्यला. त्याईच्या मांग भिंतीवर बुढ्याचा फोटो हाये."

"बरं."

"फोटोले हार हाये. खाली मोठ्या अक्षरात नाव लिवलं हाये. कैलासवासी तुळशीराम."

मी स्क्रीनवरचं कार्ड पुन्हा बघितलं.

"म्याडम? आयकू येते ना?"

ऐकू येत होतं. आमचा परवलीचा शब्द त्या घराच्या भिंतीवर, हार घालून, मोठ्या अक्षरात लावलेला होता. कुठल्याही चोराने तो वाचून दाखवला असता आणि आम्ही "धन्यवाद सर" म्हणून फोन ठेवला असता. माझी पाच नावांची युक्तीसुद्धा त्या फोटोपुढे फुकट होती. तो शब्द न म्हणणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते घरचं होतं.

"म्याडम, अजून एक," नामदेवराव म्हणाले. "गिरजामाय मले चहा देऊन राह्यली. घेऊ का?"

"आत जायचं नाही, नामदेवराव. नियम आहे."

"आत नाई गेलो ना. कप खिडकीतून आला."

मी त्यांना घ्या म्हटलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: दोन वाजून चौतीस मिनिटे, प्रत्यक्ष पाहणी, धोका नाही, पोलिसांना फोन केला नाही.

संध्याकाळी प्रशांतचा फोन लागला. त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. घर बांधलं तेव्हापासून एक किल्ली आजीच्या कनवटीला आहे, हे तो विसरला होता. "मॅडम, सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून आबाचं नाव ठेवलं. आजीला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. मला वाटलं समजलं."

"समजलंच होतं त्यांना," मी म्हटलं.

सुधीरने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा फक्त मनोहरसाठी, असा माझा संशय आहे. मग गंभीर झाला. "मॅडम, नियम सात तुमचाच ना? आणि आत खरंच चोर असता तर?"

"तर तुला आज नवीन सुपरवायझर शोधावी लागली असती."

हे मी गमतीने म्हटलं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं. त्या दहा मिनिटांबद्दल माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. मी बरोबर ठरले कारण नामदेवराव नवव्या मिनिटाला पोचले. पुढे एक बैलबंडी जास्त असती, तर वंदनाने फोन लावला असता आणि साहेबांची माणसं वांग्याचं पोतं बघायला आली असती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ठाणेदार साहेबांना फोन करून हे सगळं सांगितलं. न केलेल्या फोनबद्दल सांगायला फोन करणारी मी पहिलीच, असं ते म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या किती कार्डावर असे नाव हायेत?"

हा प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता. वंदना आणि मी दोन दिवस बसून सगळी कार्डं काढली. निम्म्याहून जास्त लोकांनी वडिलांचं, आजोबांचं किंवा स्वतःचं नाव ठेवलं होतं. एका सुनेने आम्हाला सांगितलं की तिच्या सासऱ्यांचं नाव परवलीचा शब्द आहे, म्हणून ती अलार्म लावतच नाही. वर्षभर पॅनेल भिंतीवर होतं आणि घर उघडं होतं.

आता नियम बदलला आहे. माणसाचं नाव चालत नाही. देवाचंही नाही, कारण तेही भिंतीवर असतं. भाजी, भांडं, झाड, काहीही ठेवा. आणि शब्द ठरवताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून तो एकदा मोठ्याने म्हणवून घ्यायचा, मग कार्डावर लिहायचा. नियम सात तसाच ठेवला आहे, पण त्याच्या आधी एक ओळ घातली: शब्द माहीत असूनही सांगत नसतील तर का ते विचारावे, आणि पाहणीसाठी माणूस त्याच क्षणी पाठवावा.

प्रशांतच्या घराचा नवा शब्द गिरजाबाईंनीच निवडला. तो इथे लिहिता येत नाही, ऑफिसचा नियम आहे. एवढंच सांगते की नंतर एकदा त्यांनी पुन्हा तो भोंगा वाजवला, वंदनाने विचारलं, आणि त्यांनी शब्द सांगून पुढे जोडलं, "पाठवू का दोन किलो?"

त्या दिवशी घरी आल्यावर मी तुमच्या आजोबांना सांगितलं की आज मी तुमचं नाव घेतलं, ऑफिसात, रेकॉर्डवर. त्यांनी पेपर खाली केला. "काय कारण?"

"ओळख पटवायची होती."

"पटली?"

"पटली."

त्यांनी पेपर पुन्हा वर केला. थोड्या वेळाने पेपरामागून म्हणाले, "लग्न झाल्या झाल्या घेतलं असतंस, तर आपलीही लवकर पटली असती."

परवलीचा शब्द असा हवा, जो घरातल्या कोणालाही कोणताही संकोच न करता म्हणता येईल. एवढ्यासाठी एक ठाणेदार, एक कंडक्टर आणि एक ऑटोवाला कामाला लागले.

आम्ही दोघं मे महिन्यात तुमच्याकडे येतोय. तुमच्या घरालाही अलार्म आहे, आणि त्याचा शब्द आजोबांचं नाव असणार. आम्ही पोचायच्या आत तुमच्या बाबाकडून शब्द बदलून घ्या, आणि नवा शब्द फोनवर मला एकदा म्हणून दाखवा. मला तो म्हणता येतो का, ते इथेच बघून घेते.